चार एकर ओलिताचं की दहा एकर कोरडवाहू?

आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यात, चार एकर, मोठेबाबांचं, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाचं, दहा एकर पण सगळं कोरडवाहू. लहानपणी वाटायचं जास्त जमीन म्हणजे जास्त पैसा, पण तसं नसतं हो. कोरडवाहूत पऱ्हाटी म्हणजे कापूस अन् तूर, बस. बोंडं भरायच्या टायमाला, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसानं दडी मारली की बियाणं, खत, फवारणी, निंदणाचा सगळा खर्च झालेला असतो आणि हाती येतो अर्धा कापूस, मग दहा एकर म्हणजे दहा एकराचं नुकसान. आमच्या विहिरीला पाणी आहे म्हणून तेव्हा दोन ओलित देता येतात अन् थोड्या तुकड्यात गहू-हरभराही निघतो.

पण लहान शेतकऱ्याची खरी अडचण वेगळीच आहे. विहीर, मोटर, पाईप यांचा खर्च एकर कमी म्हणून कमी होत नाही ना! त्यात वाटण्या झाल्या की एका विहिरीवर तीन भावांच्या पाळ्या, अन् मोटरची लाईन, म्हणजे वीज, येते रात्री.

विदर्भात कालव्याच्या पाण्याचंही तसंच रडगाणं. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, अन् कालव्यांची कामं पुढं कितीतरी वर्षं रखडली, याचा मला खरंच राग येतो. यंदा मोठेबाबांसाठी शेततळ्याचा फॉर्म भरतोय.