हात न लावता तपासलेली बटेरं

निफाड तालुक्यातल्या एका बटेरांच्या शेडवर गेले, ते द्राक्षांच्या ऐन हंगामात. डोकी फुटलेले पक्षी वाढत होते, अंडी घटली होती. मालक म्हणाले, "नर टोचतात, मॅडम. धरून दाखवू का एक?"

मी नको म्हटलं. पक्षी धरला की दोन-तीन मिनिटांतच त्याच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक वाढायला लागतं. मग आधीचं काही कळत नाही, कळते ती आपल्या हाताची धास्ती. शिवाय बटेराच्या जिवावर टपलेले फार, त्यामुळे माणूस दिसला की आजारी पक्षीही दुखणं लपवतो. दारात स्टूल टाकून, पक्षी पुन्हा दाणे टिपायला लागेपर्यंत गप्प बसून राहिले.

नर टोचतात तेव्हा बहुधा डोक्याबरोबर माद्यांची मान आणि पाठही उघडी पडते. इथे तिथली पिसं शाबूत होती. जखमा नेमक्या टाळूवर, आणि नरांनाही तशाच! पाय स्वच्छ, चाल सरळ, विष्ठाही नेहमीसारखी, वर पांढरा थर असलेली.

पण विष्ठेच्या ट्रेनेच खरं काय ते सांगितलं. रस्त्याकडच्या खिडकीलगतच्या पिंजऱ्यांत सगळी घाण मागच्या टोकाला साचलेली, खिडकीकडची बाजू जवळपास कोरी. पक्षी तिकडे थांबतच नव्हते.

दचकलेलं बटेर सरळ वर झेपावतं. रानात वर आभाळ असतं, इथे तारेची जाळी. रात्री मोबाइल रेकॉर्डिंगला लावून शेडमध्ये ठेवला. सकाळी ऐकलं, तर द्राक्षं न्यायला आलेल्या पिकअपचं इंजिन, आणि पाठोपाठ जाळीवर डोकी आपटल्याचा धडधडाट. वळणावर हेडलाइट थेट खिडकीत येत होता. मालक ऐकताना एकदम गप्प झाले. असं रोज रात्री चाललं होतं, आणि मला ते ऐकवेना.

त्याच दिवशी खिडकीला गोणपाट लागलं, पिंजऱ्यांच्या छताखाली शेडनेट सैल बांधली. पुढच्या खेपेला टाळूवर नवी पिसं फुटत होती, ट्रेमधली विष्ठा सगळीकडे सारखी पसरली होती, अंडीही सावरत होती. एका मादीचा डोळा मात्र गेला. पिंजऱ्यातली गर्दी माझ्या मते अजूनही जास्तच आहे. पुढच्या लॉटला पक्षी कमी टाकायचं मालकांनी कबूल केलंय, आणि ते होईपर्यंत मी त्यांचा पिच्छा सोडणार नाही.