येणारा नाही

हातखंब्याच्या तिठ्यापाशी एक टायरवाला आहे. दुपारी दोनच्या सुमाराला त्याच्याकडे गर्दी नसते, म्हणून मी हवा भरायला तेव्हाच जाते. परवा गेले तर त्यानं हवेची नळी बाजूला ठेवली आणि पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसला. टायरच्या बाहेरच्या कडेवरून अंगठा फिरवला. उठून पलीकडच्या चाकाशी गेला, तिथंही फिरवला. मधली नक्षी चांगली जाड शिल्लक होती आणि कडेचं रबर मात्र पार खरवडून निघालं होतं.

"काकू, गाडी मुलगा चालवतो ना?"

"हो," म्हटलं. खोटं नव्हे. दिवाळीत आला की चालवतो.

"त्याला सांगा, वळणाला जरा दमानं. अशी कड वडापवाल्यांच्या गाड्यांची पण होत नाही."

सांगते म्हटलं, आणि बाटली उघडून पाणी प्यायले.

त्या कडा कोईमतूरला राहिल्या आहेत, हे त्या भल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगणार? वेगात गाडी कशी चालवावी हे शिकवणारी शाळा तिथल्या शर्यतीच्या ट्रॅकवर भरते. आपली गाडी आपण घेऊन जायची. मुलानं हौसेनं नाव घातलं होतं. ऐनवेळी त्याची रजा रद्द झाली. पैसे परत मिळणार नव्हते, पण नाव बदलून मिळत होतं. रत्नागिरीत जन्म काढलेल्या बाईला यापेक्षा मोठं कारण लागत नाही.

आमच्या ह्यांनी कपाटातून विम्याचे कागद काढले आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचले. शर्यत, वेगचाचणी वगैरेंसाठी गाडी वापरली तर विमा लागू नाही. "म्हणजे ठोकलीस तर आपल्या खिशातून."

"शर्यत नाहीये, शाळा आहे."

"ते विमा कंपनीला समजव."

आणि तरीही, खाऊचा डबा घेऊन, शेजारच्या सीटवर येऊन बसले.

गोवा, कारवार, मंगळूर करत आम्ही किनाऱ्या-किनाऱ्यानं खाली उतरत गेलो. सह्याद्री सगळा वेळ डाव्या हाताला. कोईमतूर पलीकडच्या अंगाला, तेव्हा कुठंतरी घाट चढावा लागणार म्हणून मी मनाची तयारी करून होते. पण पालघाटला डोंगर चक्क संपतो. तीसेक किलोमीटर रुंदीचं मोकळं मैदान, आणि त्यातून रस्ता सरळ पलीकडे. ना वळण, ना चढ, ना दरी. सह्याद्री ओलांडला आणि पहिल्या गिअरची गरज पडली नाही, याचं मला आजही थोडं वाईट वाटतं. आपल्याकडे कोल्हापूरला जाऊन भाजी आणायची तरी आंबा घाट चढावा लागतो.

कारी मोटर स्पीडवे कोईमतूरच्या बाहेर चेट्टीपाळयमला आहे. मारुती ८००चं इंजिन घालून ज्यांनी फॉर्म्युला मारुतीच्या शर्यतीच्या गाड्या बनवल्या त्या करिवर्धन यांच्या नावाचा. ते १९९५ साली विमान अपघातात गेले. ट्रॅक २००३ सालचा. २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, तोही याच गावचा. ही सगळी माहिती ह्यांनी वाटेत मोबाइलवर वाचून मला ऐकवली, कारण त्यांचा आवाज चालू असला की मी ऐंशीच्या वर जात नाही असा त्यांचा समज आहे.

तिथं पोचल्यावर पहिला हुकूम: गाडीत सुटं असं काही ठेवायचं नाही. ब्रेक दाबला की सुटी वस्तू पुढे येते आणि पेडलखाली गेली तर संपलंच. आता कोकणातल्या गाडीतून काय काय निघतं हे तुम्हाला सांगायला नको. दोन छत्र्या, त्यातली एक मोडकी. कोयता. काथ्याची दोरी. आंब्याच्या पेटीतलं गवत, जे मे महिन्यापासून सीटखाली होतं. बाजाराच्या पिशव्या, पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या. एक असोला नारळ, कुणी दिला होता आठवेना. फूटमॅटसुद्धा काढायला लावले, आणि ते उचलल्यावर बांगड्याचा जो वास सुटला त्यानं तपासणीचा मुलगा दोन पावलं मागं सरकला. शेवटी त्याचं लक्ष डॅशबोर्डवरच्या गणपतीकडे गेलं. बिचारा काही बोलला नाही, नुसतं बोट केलं आणि कानाला हात लावला. दुहेरी टेपनं चिकटवलेला गणपती. ह्यांनी शिलाईचा दोरा मागून घेतला, खालून करवतीनं कापावा तसा फिरवला, आणि मूर्ती रुमालावर घेतली. मग तो सगळा ढीग समोर मांडून ते पत्र्याच्या सावलीत दिवसभर बसून राहिले. येणारे-जाणारे गणपतीला नमस्कार करत होते.

शाळेत पहिल्यांदा बसायला शिकवलं. मला वाटलं होतं की बसता येतं. तर सीट पुढे, पाठ ताठ, हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर, आणि ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघ्यात बाक राहायला हवा. मग फळ्यावर टायर काढून सांगितलं की गाडी कितीही मोठी असो, एकेका चाकाचा तळहाताएवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. जे करायचं ते तेवढ्यात. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं. ताशी शंभरला गाडी एका सेकंदात अठ्ठावीस मीटर जाते.

वेग राहिला बाजूला, सकाळ सगळी थांबण्यात गेली. शंभरच्या वेगानं यायचं आणि खुणेच्या शंकूपाशी ब्रेकवर उभं राहायचं. शिकवणारा शेजारी हेल्मेट घालून बसलेला. मी दाबला. "अजून," तो म्हणाला. पुन्हा आले, पुन्हा दाबला. "मॅडम, अजून." आयुष्यभर ब्रेक हळूच दाबायची सवय, मागं कुणाच्या मांडीवर डबा असतो, कुणाच्या हातात दूध. शेवटी दात खाऊन लाथ घातली तेव्हा पायाखाली एबीएसची, म्हणजे चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, धडधड सुरू झाली, पट्टा खांद्यात रुतला, आणि गाडी सुतासारखी सरळ राहून थांबली. म्हणजे इतकी वर्षं एवढा ब्रेक गाडीत पडून होता आणि मी तो वापरलाच नव्हता.

ब्रेक तापण्याचा धडा मात्र मला कुणी शिकवायला नको होता. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल कोरं असेल तर २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी प्यायलेलं १५५ला उकळू शकतं, आणि उकळलं की पेडल पोकळ लागतं. रत्नागिरीच्या हवेत चार पावसाळे काढलेलं ऑइल किती प्यायलं असेल कोण जाणे. निघण्याआधी मेकॅनिकनं बदललं ते बरं. फेऱ्या मारून आत आलं की हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकाला अडण लावायची, असा नियम. एका पोरानं दगड आणून चाकाखाली सरकवला तेव्हा मला एकदम आंबा घाटाखालच्या साखरप्याला आल्यासारखं झालं.

माझे तात्या, म्हणजे आईचे चुलतभाऊ, एसटीत ड्रायव्हर होते. रत्नागिरी-कोल्हापूर गाडीवर असत. सुट्टीत मला त्यांच्या शेजारी बॉनेटवर बसायला मिळे. जुन्या गाड्यांचं इंजिन आतच, ड्रायव्हरच्या डाव्या हाताला. त्यावर गोणपाट टाकलेलं, आणि तरीही फ्रॉकखाली चटके बसत. तात्या बोलत नसत. गिअरचा दांडा लांबलचक, वर काळा गोळा, झिजून गुळगुळीत झालेला. क्लच, न्यूट्रल, पुन्हा क्लच, आणि मधे अ‍ॅक्सिलरेटरला एक हलकी लाथ. त्याला डबल क्लच म्हणत. कोईमतूरला त्याचाच चुलतभाऊ, टाचेनं अ‍ॅक्सिलरेटर आणि चवड्यानं ब्रेक एकदम दाबायचा, शिकवायला घेतला तेव्हा पंचविशीतली पोरं घामाघूम झाली होती. मलाही जमला असं नाही, पण तो आवाज कसा यायला हवा ते कानाला ठाऊक होतं.

आंबा घाट उतरताना तात्या मला काम देत. "खाली बघ गो, किती येतायत?" घाटाचे खालचे पदर झाडांमधून दिसतात, त्यावर येणाऱ्या गाड्या मोजायच्या. "दोन ट्रक. एक जीप." मग तात्या मनात हिशेब करत आणि बरोबर त्या रुंद वळणाच्या अलीकडे गाडी कडेला दाबून थांबत, चढणाऱ्याला आधी वाट. हे पुस्तकातल्या नियमांतही आहे, डोंगरी रस्त्यावर उतरणाऱ्यानं थांबावं. पण तात्यांनी पुस्तक पाहिलं असेल असं वाटत नाही. ट्रकवाला हात वर करी, तात्या एक बोट वर करत. रात्री सोपं, म्हणत. रात्री येणाऱ्याचा उजेड आधीच कड्यावर दिसतो. दिवसा भीती.

तर दुपारी एकदाची वळणं आली. शर्यतीच्या ट्रॅकवर वळण घ्यायचं म्हणजे सगळा रस्ता वापरायचा. डावं वळण असेल तर आधी पार उजव्या कडेला जायचं, तिथून आत डावी कड चाटायची, आणि परत उजव्या कडेला बाहेर पडायचं. वाकडा रस्ता जमेल तितका सरळ करून घ्यायचा. जितका सरळ तितका वेग टिकतो. फळ्यावर मला हे लख्ख समजलं. गाडीत बसल्यावर हात ऐकेनात. मी आपली डाव्या अर्ध्यात. "उजवीकडे या, मॅडम." थोडी आले. "अजून. पूर्ण." येववेना. उजवीकडचा रस्ता माझा नाहीच, तो येणाऱ्याचा. आणि पुढच्या वळणाला, जिथं पलीकडचं नीट दिसत नव्हतं तिथं, माझ्या अंगठ्यानं हॉर्न दाबला. चांगला लांब.

शिकवणाऱ्यानं हेल्मेटमधून माझ्याकडे पाहिलं. "हा कुणासाठी?"

"येणाऱ्यासाठी."

"येणारा नाही," तो म्हणाला. "इथं येणारा नसतोच."

सगळे एकाच दिशेनं जातात, हे मला सकाळपासून दिसत होतंच. पण तसं कुणी बोलून दाखवल्यावर पोटात काहीतरी हललं. त्यानंतरच्या फेरीत गेले उजवीकडे. पार कडेला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांपर्यंत. आणि काय सांगू, त्याची जी मजा आहे ती आहे. अख्खा रस्ता आपला! गाडी जड व्हायची, पुढची चाकं कुरकुरायची, बाहेरच्या कडांवर भार यायचा, आणि वळण संपता संपता सगळं हलकं होऊन पुढे मोकळा डांबर. त्या कडांचं रबर मी राजीखुशीनं तिथं दिलं. पावसाची सर यावी आणि हे थांबावं असं मला एकदाही वाटलं नाही, आणि मी तशी बाई नव्हे.

चटक लागते, हे कुणी सांगत नाही. परतताना राजापूरच्या अलीकडे हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो. उजव्या हाताला जांभ्याची दरड, पुढे आंधळं उजवं वळण. आणि माझे डोळे आपोआप वळणाच्या आतल्या कडेला गेले, म्हणजे दुसऱ्याच्या अर्ध्यात. डोळे जातात तिकडे गाडी जाते, हे शाळेतच शिकवलेलं. हात निघालेच होते. ह्यांनी "हॉर्न" एवढंच म्हटलं. मी दिला. पलीकडून लाल डबा आला आणि गेला.

आता मुंबई-गोवा हायवे बराचसा चौपदरी झाला आहे. कशेडीचा घाट बोगद्यानं मिनिटांत संपतो, मधे दुभाजक, समोरून कुणी येत नाही. बरंच झालं, त्या घाटात गेलेल्यांची नावं प्रत्येक वाडीत आहेत. पण मुंबईहून निघालेला पोरगा बहुतेक वाट येणारा न बघता येतो आणि शेवटचे दहा किलोमीटर आमच्या रस्त्याला लागतो. तेव्हा त्याच्या वळणाकडे मी बारकाईनं बघते. बहुतेक पोरं सगळा रस्ता वापरतात. त्यांना कुठल्या शाळेत जावं लागलं नाही.

तिथं शिकवलं सगळं. बसणं, बघणं, थांबणं, घसरलेली गाडी सावरणं. रिव्हर्स तेवढा शिकवला नाही. त्यांना तो लागतच नाही. आमच्या वाडीच्या रस्त्याला दोन्हीकडून गडगा, मधे एक गाडी जेमतेम मावते, आणि गणपतीत चाकरमानी आले की दिवसातून कितीदा तरी दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहतात. समोरची लांबलचक, पांढरी, पनवेलचा नंबर. आत चौघं, मागच्या काचेतून मखराचा पुठ्ठा. जागा त्याच्याच मागं जवळ असते, फणसाखाली. पण तो आरशात बघतो, मागं कॅमेऱ्यात बघतो, बायकोकडे बघतो. मग मीच मागं घेते, पार शाळेच्या वळणापर्यंत, मान वळवून, खिडकीतून डोकं काढून. जाताना तो काच खाली करून "थँक्यू काकू" म्हणतो. मी एक बोट वर करते. ते का, हे त्याला काय ठाऊक.