तुम्ही विचारलंत म्हणून: इतके दिवस होतात कुठे?

पदव्युत्तर पदवीचा प्रबंध सादर झाला, मौखिक परीक्षा झाली, निकालही लागला. मग त्यानंतरचे सात महिने तुम्ही काहीच का लिहिले नाहीत, असे मला पूर्वीपासून वाचणारी माणसे भेटली की हमखास विचारतात. अभ्यासामुळे लेखन थांबले होते, अभ्यास संपला, तेव्हा लेखन आपोआप सुरू व्हायला हवे, असा त्यांचा हिशेब असतो. मीही तोच मांडला होता. प्रबंध बांधणीला दिला त्या संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी पाच लेखांचे विषय लिहून ठेवले होते.

पहिला महिना झोपेत गेला, आणि झोपही धड लागत नव्हती. संदर्भसूचीतले एखादे वर्ष चुकले असेल, एखाद्या अवतरणाचा पृष्ठक्रमांक द्यायचा राहिला असेल, या धास्तीने पहाटे जाग येई; प्रबंध आपल्या हातून केव्हाच गेला आहे, हे आठवायला काही क्षण लागत. मानसशास्त्रज्ञ ब्ल्यूमा झायगार्निक यांचे बर्लिनमधले प्रयोग १९२७ साली प्रसिद्ध झाले. अर्धवट राहिलेली कामे पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात, असे त्यांना आढळले होते; पुढच्या संशोधकांना मात्र प्रत्येक वेळी तसे दिसले नाही. माझ्यापुरते सांगायचे, तर काम पुरे झाल्याची बातमी मनापर्यंत पोहोचायलाच दोन महिने लागले.

पण थकवा हे या प्रश्नाचे अर्धेच उत्तर आहे. थकवा ओसरल्यावर मी लिहायला बसले, तेव्हा अडचण वेगळीच निघाली. दोन वर्षे मी स्वतःचा उल्लेख ‘प्रस्तुत संशोधक’ असा करत होते. वाक्याचा शेवट ‘असे दिसून येते’, ‘असे म्हणता येईल’, ‘असे प्रतिपादन करता येते’ असा करायची हाताला इतकी सवय लागली होती, की पावसाळी दुपारीविषयी चार ओळी लिहिल्या, तरी त्या दुपारी नेमके कोण होते, ते त्या ओळींतून कळेना. प्रत्येक विधानाला आधार कुठला, हे कोणीतरी विचारणार, अशा धाकाने मी आधीच स्वतःला मिटवून घेत होते. जे मी स्वतः पाहिले होते, त्याला तळटीप कुठून देणार?

मला प्रबंधाची तक्रार करायची नाही. आठवणीतल्या तपशिलावर विसंबू नये, मूळ पुस्तक उघडून पाहावे, दुसऱ्याचे म्हणणे त्याच्या नावावरच राहू द्यावे, हे मी तिथेच शिकले, आणि त्याबद्दल माझ्या मार्गदर्शकांची मी ऋणी आहे. ती शिस्त मला हवीच होती. तिच्याबरोबर आलेला तो कोणाचाच नसलेला आवाज मात्र नको होता, आणि या दोन गोष्टी सुट्या करायला जो वेळ लागला, त्यालाच मी विश्रांती म्हणते आहे.

त्या काळात मी पुष्कळ वाचले, पण हातात पेन्सिल न धरता. हे सांगायला सोपे वाटते, तसे ते नव्हते. दोन वर्षे कुठलेही पुस्तक उघडले, की यातले आपल्या कामाचे काय, एवढेच पाहिले होते. प्रस्तावना, अनुक्रमणिका, हवे ते प्रकरण, आणि पुस्तक बंद. आता एक जाड कादंबरी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचली, आणि मध्येच एक पान इतके आवडले, की ते पुन्हा वाचण्यासाठी तिथेच थांबले. त्या पानाचा क्रमांक मी टिपून ठेवला नाही.

लेखन परत आले ते एका पत्रातून. एका मैत्रिणीचे वडील गेले. फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून रात्री पत्र लिहायला घेतले. त्या पत्रात ‘असे म्हणता येईल’ लिहून चालणार नव्हते. ते तिच्याशी कसे बोलत, मला दारात पाहून कशी हाक मारत, हे मी पाहिले होते, ऐकले होते, आणि ते तसेच, माझ्या तोंडून, तिला सांगायचे होते. पहाटेपर्यंत चार पाने झाली. दिवा मालवताना लक्षात आले, की इतक्या दिवसांत प्रथमच मी एकही वाक्य मागे वळून तपासले नाही.

वहीतल्या पाच विषयांपैकी तीन आता खोडले आहेत; ते दमलेल्या माणसाने घाईने केलेले संकल्प होते. उरलेल्या दोनांपैकी एका लेखाचा पहिला खर्डा गेल्या आठवड्यात पुरा झाला. त्यात ‘मला वाटते’ हे शब्द सात वेळा आले आहेत. दुसऱ्या खर्ड्यात त्यांतले चार काढीन आणि तीन ठेवीन.