चपलांचे सहा फोटो

अंगणवाडीत मुलांना काय आवडतं, काय नको वाटतं, एवढाच आमच्या अभ्यासाचा प्रश्न होता. पहिल्या सकाळी मुलांना सतरंजीवर गोल बसवून तो विचारला. एक जण ‘खिचडी’ म्हणाला आणि बाराही जणांची खिचडी झाली. सोबतच्या ताईंनी तेच पुन्हा विचारलं, तर उत्तरं बदलली. मोठ्या माणसाने परत विचारलं की आपलं चुकलं, असं लहान मूल धरून चालतं. त्या नोंदी बाद केल्या.

दुसऱ्या दिवशी ‘मोझेक’ पद्धतीकडे वळलो: मुलांनी काढलेले फोटो, नकाशे, त्यांचं बोलणं असे तुकडे जोडून त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं. अ‍ॅलिसन क्लार्क आणि पीटर मॉस यांनी ती २००१ साली इंग्लंडमध्ये मांडली. कॅमेरा मुलाच्या हातात, मूल पुढे, आपण मागे. एका वेळी दोनच मुलं, फार तर पंधरा मिनिटं. ‘मला अंगणवाडी दाखवशील?’ एवढंच म्हणायचं. ‘हे काय आहे?’ म्हटलं की मुलाला परीक्षा वाटते. पालकांची सही असली तरी मुलाने पाठ फिरवली किंवा फ्रॉकचं टोक तोंडात घातलं की थांबायचं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं १२वं कलम मुलाला मत मांडायचा हक्क देतं. गप्प राहायचा हक्कही त्यातच आला, असं मी मानते.

चार वर्षांच्या एका मुलीची फेरी अंगणवाडी सुटायच्या तोंडावर झाली. तिने नऊ फोटो काढले, त्यातले सहा दारातल्या चपलांचे. मी वहीत लिहिलं, ‘विषय सोडून’. या कामातली सगळ्यात घातक चूक हीच: मुलाला विचारण्याआधी अर्थ आपणच लावून मोकळं व्हायचं.

तिसऱ्या दिवशी छापलेले फोटो सतरंजीवर मांडले. तिने एकावर बोट ठेवलं. अशा वेळी मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. मोठ्यांना तीनच्या पुढे धीर धरवत नाही.

‘आजीची नाय आली,’ ती म्हणाली. मग शेवटच्या फोटोवर बोट. ‘आली.’

मी तिच्याशेजारी जमिनीवर बसून पाहिलं. खिडकी तिच्या डोक्याच्या वर. बाहेरचं काहीच दिसत नाही, दिसतो तो उंबरठा. घरी जायची वेळ झाली हे तिला चपलांवरून कळायचं. आमच्या प्रश्नावलीत वाट बघण्याबद्दल एक ओळही नव्हती.

अंगणवाडीचा नकाशा करायला मोठ्या कागदावर फोटो चिकटवायला घेतले, तेव्हा तो शेवटचा फोटो तिने पोटाशी धरला. ‘हा माझा.’ मग नकाशावर दाराच्या जागी तिने निळ्या खडूने दोन पट्ट्यांची चप्पल काढून दिली.