केटलवर होईल तेवढंच

बर्मिंगहॅममध्ये मी काय काम करते हे आष्टीकडच्या नातेवाइकांना सांगितलं की प्रश्न ठरलेला असतो, "तिथं कुणाला लागतं गं फुकटचं धान्य?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

समाजकार्याचं शिक्षण झालं, मग काही वर्षं मराठवाड्यात बचत गट आणि एकल महिलांबरोबर काम केलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आलो. एका फूड बँकेत आधी स्वयंसेवक म्हणून जायला लागले, पुढे तिथेच पगारी काम मिळालं. फूड बँक म्हणजे रेशन दुकान नव्हे. डॉक्टर, शाळा किंवा सल्ला केंद्र तुम्हाला कुपन देतं. ते दाखवलं की तीन दिवस पुरेल असा टिकाऊ शिधा मिळतो: पास्ता, तांदूळ, बीन्सचे डबे, सूप, खोक्यातलं दूध, चहा, बिस्किटं. या देशातल्या सर्वांत मोठ्या साखळीची, ट्रसेलची, पहिली फूड बँक 2000 साली सॉल्झबरीत सुरू झाली. 2010-11 मध्ये त्यांच्या सगळ्या केंद्रांतून मिळून 61 हजारांच्या आसपास लोकांना शिधा मिळाला होता. 2023-24 मध्ये त्यांनी वाटलेली पाकिटं 31 लाखांवर गेली. मशिदी, चर्च आणि छोट्या मंडळांच्या स्वतंत्र फूड बँका यात धरलेल्याच नाहीत.

2022 चा हिवाळा मी विसरू शकत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये महागाईचा दर 11.1 टक्क्यांवर होता. गरीब घरांत गॅस-विजेचं मीटर बहुधा आधी पैसे भरायचं असतं. पैसे संपले की घर थंड पडतं. एक बाई टेबलाशी उभी राहून पिशवीतला पास्ता, तांदूळ आणि मसूर एकेक करून परत ठेवत होती. आवडनिवडीचा प्रश्न नव्हता. "वीस मिनिटं काही उकळत ठेवायला मीटरमध्ये पैसे नाहीत," ती म्हणाली. तिच्यासारख्यांसाठी आम्ही वेगळी खोकी भरायचो, केटल बॉक्स. केटल म्हणजे पाणी उकळायची विजेची किटली. त्यात फक्त उकळतं पाणी ओतून होणाऱ्या गोष्टी: कपातले नूडल्स, पाकिटातलं सूप, ओट्सची लापशी, पाण्यात कालवायची बटाट्याची पूड. ज्यांच्याकडे केटलही नाही त्यांच्यासाठी थंड खोकं. त्यात कडी ओढून उघडणारेच डबे घालायचे, कारण रस्त्यावर झोपणाऱ्या माणसाकडे डबा उघडायचं हत्यार कुठून असणार? जगातल्या श्रीमंत देशांपैकी एका देशात ही खोकी भरताना माझे हात थांबायचे. मराठवाड्यातल्या सगळ्यात गरीब घरातही चुलीला काटक्या मिळताना मी पाहिल्या होत्या.

त्याच वर्षीच्या वार्षिक बैठकीत पडद्यावर एक आलेख लावला होता. वाटलेल्या पाकिटांचा आकडा चढत गेलेला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माणसं वाईट नव्हती. विश्वस्तांपैकी निम्मे जण स्वतः पहाटे उठून गाडी चालवत सुपरमार्केटमधून माल आणायचे. पण आकडा वाढला की पुढच्या वर्षीचा निधी मागणं सोपं जातं, आणि आकडा घटला तर देणगीदार विचारतात, मग तुमची गरज काय? माझा भ्रमनिरास तिथे सुरू झाला. ज्या कामाचं यश म्हणजे ते काम बंद पडणं, त्या कामाचा हिशोब आम्ही ते वाढण्यात मांडत होतो.

मग बाकीच्या गोष्टीही दिसायला लागल्या. डिसेंबरात चॉकलेटं आणि नाताळच्या मिठाईने गोदाम भरून जायचं, फेब्रुवारीत डबे मोजून द्यावे लागायचे. मोठ्या कंपन्यांची माणसं "सेवेचा दिवस" म्हणून यायची आणि त्यांना गुंतवून ठेवण्यासाठी आदल्या दिवशी आम्ही माल मुद्दाम वर्गवारी न करता ठेवायचो. निधी उभारणाऱ्या विभागाकडून निरोप यायचा: लहान मुलं असलेली एखादी आई मिळेल का, फोटोला तयार असेल अशी? नव्या व्हॅनसाठी पैसे मिळायचे, तिच्यावर कंपनीचं नाव रंगवता येतं म्हणून. लोकांना हक्काचे भत्ते मिळवून देणाऱ्या सल्लागाराच्या पगाराला मिळायचे नाहीत. आपल्याकडच्या संस्थांत काम केलेल्या कुणालाही हे नवीन वाटणार नाही. मला मात्र उगाच आशा होती की पैसा असलेल्या देशात हे वेगळं असेल.

लोक येतात कशामुळे, ते कुपनावरच लिहिलेलं असतं. युनिव्हर्सल क्रेडिट नावाचा सरकारी भत्ता अर्ज केल्यापासून साधारण पाच आठवड्यांनी हातात पडतो. तोवर आगाऊ रक्कम मिळते, पण ती कर्ज असते आणि पुढच्या भत्त्यातून कापली जाते. पंचवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या एकट्या माणसाला, घरभाड्याचा भाग सोडून, महिन्याला 400 पौंडांच्या आसपास मिळतात. त्यातच वीज, प्रवास, जेवण. सप्टेंबर 2023 मध्ये तर बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनेच आपण खर्च भागवू शकत नाही अशी कायदेशीर नोटीस काढली आणि छोट्या संस्थांना मिळणारा आधारही आटत गेला. यातली एकही गोष्ट बीन्सच्या डब्याने सुटत नाही.

या काळात मला आजी फार आठवायची. 1972 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. त्या दिवसांबद्दल बोलताना उन्हाचं, सुकडीचं, मुकादमाच्या शिव्यांचं सांगायची, पण कुणापुढे हात पसरल्याचा एक शब्द तिच्या बोलण्यात नसे. तिने काम केलं होतं आणि मजुरी घेतली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यात करून पाहिलेला रोजगार हमीचा प्रयोग त्या दुष्काळात राज्यभर पोचला आणि 1977 मध्ये त्याचा कायदा झाला: काम मागा, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता. अंमलबजावणीतले घोटाळे, उशिरा मिळणारी मजुरी, खोटी हजेरीपत्रकं मी स्वतः पाहिली आहेत. तरीही तहसीलवर मोर्चा नेणाऱ्या बायकांकडे भांडायला एक कायदा होता. फूड बँकेतून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाला भांडायलाही जागा नाही. आम्ही "आज माल संपला" म्हणालो की विषय संपला.

एकदा नाशिककडचा एक विद्यार्थी आला. माझं आडनाव ऐकून तो मराठीत बोलला आणि लगेच गप्प झाला. घरी कळू नये एवढंच त्याचं म्हणणं होतं. वडिलांनी कर्ज काढून पाठवलेलं, आठवड्याला वीस तासांच्या वर काम करायची परवानगी नाही, आणि व्हिसावर सरकारी मदत घेता येणार नाही अशी अट. ती अट तेव्हा माझ्याही व्हिसावर होती. त्याला मी शिधा दिला आणि बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेथिकच्या गुरुद्वाऱ्याचा पत्ता दिला. तिथल्या लंगरला कुपन लागत नाही, नाव सांगावं लागत नाही, शेजारी बसलेला माणूस वकील असू शकतो किंवा बेघर. इतकी वर्षं या क्षेत्रात काढून माणसाचा मान राखून जेवू घालण्याची याहून चांगली पद्धत मला दिसलेली नाही.

मी काम सोडलं नाही, बदललं. आता मी हक्काचे भत्ते मिळवून देणाऱ्या सल्ला विभागात आहे. दिवसभर नियम वाचते, अर्ज भरते, अपिलं लिहिते. अपंगत्वाच्या भत्त्यासाठी इथे गुण मोजतात: स्वतः जेवण बनवता येतं का, अंघोळ करता येते का, किती मीटर चालता येतं. फुप्फुसाच्या आजाराने दहा पावलांत धाप लागणाऱ्या, आधी बस चालवणाऱ्या एका गृहस्थांना शून्य गुण मिळाले होते. आधी फेरविचाराचा अर्ज, तो फेटाळला गेल्यावर न्यायाधिकरण. तिथे न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचे जाणकार असे तिघे बसतात. त्यांनी अर्ध्या तासात निकाल फिरवला आणि मागची सगळी थकबाकी द्यायला लावली. सुनावणीपर्यंत पोचलेल्या अशा अपिलांपैकी निम्म्याहून बरीच जास्त अर्जदारांच्या बाजूने लागतात. म्हणजे मुळात चुकीचे नकार किती असतील! तो माणूस परत शिधा घ्यायला आला नाही, आणि आमच्या आलेखात ते कुठेच दिसलं नाही.

याहून मोठी गोष्ट कायद्यात घडते. 2017 पासून इथे तिसऱ्या आणि पुढच्या मुलांसाठी भत्त्यातला मुलांचा हिस्सा मिळत नव्हता. कितीतरी संस्था त्याविरुद्ध वर्षानुवर्षं बोलत राहिल्या, आणि नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात ही मर्यादा एप्रिल 2026 पासून काढून टाकण्याची घोषणा झाली. आमच्या सगळ्या खोक्यांनी मिळून जेवढ्या मुलांचं पोट भरलं नसतं, तेवढं त्या एका निर्णयात आहे. चिडचिड वाया घालवायची नाही, ती अशा ठिकाणी लावायची, हे मी या देशात शिकले. आणि शिधावाटप तुच्छ मानायचं नाही, हेही. आज रात्री उपाशी असलेल्या लेकराला अर्थसंकल्पाची वाट बघ म्हणता येत नाही.

समाजकार्य शिकणाऱ्या मुलामुलींचे मला निरोप येतात, "ताई, तिकडे संस्थेत नोकरी मिळेल का?" त्यांना स्पष्ट सांगते. इथे कामाच्या व्हिसासाठी जुलै 2025 पासून सर्वसाधारण वार्षिक पगाराची अट 41,700 पौंड आहे, आणि लोकांत उतरून करायच्या संस्थांतल्या कामांचा पगार बहुतेक त्याच्या बराच खाली असतो. पदवीनंतरच्या व्हिसावर थोडा काळ काम करता येईल, अनुभवही उत्तम मिळेल, पण त्या भरवशावर घरावर कर्ज काढून येऊ नका. आणि आलातच तर मुलाखतीत एक गोष्ट नक्की विचारा: सल्लागारांचा पगार कुठल्या निधीतून होतो आणि तो निधी किती वर्षांसाठी आहे.