बॉनेट जमलं, बंपर दिला : गाडीच्या रंगावर संरक्षक फिल्म लावल्याची नोंद, ४१२ ते ३,१०० किमी

४१२ किमी

पुणे-बंगळूर महामार्गाच्या शेंद्रे ते कागल सहापदरीचं काम ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको. साताऱ्याहून कराडला निघालो होतो. उंब्रजच्या अलीकडे डायव्हर्जनमधून मुख्य रस्त्याला लागताना पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि ‘टक्’ असा आवाज आला. घरी येऊन टॉर्च लावून पाहिलं. लोगोच्या वर चार बोटांवर मोहरीएवढा टवका होता, कडा पांढुरक्या आणि मधोमध रंगाखालचा करडा प्रायमर. गाडी गडद लाल आहे, त्यामुळे ठिपका लांबूनही डोळ्यात भरतो. गाडी घेऊन अकरा दिवस झाले होते. त्या रात्री जेवण गेलं नाही.

डिलिव्हरीच्या वेळी शोरूममध्ये सांगितलं होतं, ‘सिरॅमिक करून घ्या साहेब, खडा लागला तरी काही होत नाही.’ सिरॅमिक म्हणजे रंगावर चढवायचं पातळ, गुळगुळीत कोटिंग. मी करून घेतलं. सिरॅमिकला नावं ठेवायची नाहीत. पाणी टिकत नाही, चिखल पटकन सुटतो, पक्ष्यांची घाण वेळेवर पुसली तर डाग राहत नाही. पण तो थर असतो एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. खड्यापुढे तो असून नसल्यासारखाच. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, म्हणून इथे लिहितोय.

एका मित्राचा पेंट गेज (रंगाची जाडी मोजणारं यंत्र) आणून मोजमाप घेतलं. बॉनेटवर ११० ते १२५ मायक्रॉन. प्रायमर, रंग, वरचा पारदर्शक क्लिअर कोट सगळं धरून. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे दोन केसांची जाडीसुद्धा पुरती भरत नाही. बंपरवर गेजने आकडाच दिला नाही. खाली प्लास्टिक असल्यामुळे हा गेज तिथे चालत नाही. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की बंपरचा टवका गंजत नाही. बॉनेट लोखंडी पत्र्याचं आहे, तिथे खडा प्रायमर फोडून पत्र्यापर्यंत गेला की पावसाळ्यात गंज धरलाच म्हणून समजा.

७०० किमी

आधी टवका भरला. रंगाचा कोड दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर मिळाला. टच-अपच्या ब्रशने गोळा जमतो, म्हणून टूथपिक वापरली. टोकावर थेंब घ्यायचा, खड्ड्याच्या मध्यावर नुसता टेकवायचा, तो आपोआप कडेपर्यंत पसरतो. तीन दिवसांत चार थेंब, वर क्लिअरचे दोन. मग ३००० नंबरच्या पाणकागदाने हलक्या हाताने सपाट केलं. उभ्याने पाहिलं तर दिसत नाही, वाकून पाहिलं तर दिसतं.

पुढचे खडे झेलायला रंगावर पारदर्शक संरक्षक फिल्म लावायचं ठरवलं, पण लगेच लावली नाही. कारखान्याचा रंग भट्टीत भाजलेला असतो, त्यामुळे नव्या गाडीवर दुसऱ्या दिवशी फिल्म लावली तरी चालते. हाताने भरलेल्या रंगातलं सॉल्व्हंट मात्र सावकाश उडतं. वरून फिल्म बसली तर ते आत अडकून फुगे येतात. मी तीन आठवडे थांबलो. त्या काळात बॉनेटवरचं सिरॅमिक पॉलिश करून काढलं, कारण त्या गुळगुळीत थरावर फिल्मचा गोंद नीट धरत नाही. क्रम आधी फिल्म आणि वर सिरॅमिक असाच हवा. माझा उलटा झाला आणि बॉनेटपुरते पैसे वाया गेले.

१,१५० किमी : बॉनेट

टीपीयूची, म्हणजे लवचीक प्लास्टिकची, २०० मायक्रॉनची फिल्म घेतली. स्वस्तात पीव्हीसीची मिळत होती, ती पिवळी पडते, कडक होते आणि काढताना जीव खाते. रोल १.५२ मीटर रुंद असतो, त्यामुळे बॉनेट एका तुकड्यात झालं, मध्ये जोड नाही.

सकाळी सहाला सुरुवात केली, ऊन चढलं की साबणाचं पाणी वाळतं. पार्किंगची फरशी पाण्याने भिजवून घेतली, म्हणजे धूळ उडत नाही. आधी क्ले बार (रंगावर चिकटलेले कण उचलणारी मऊ वडी), मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं. स्प्रे बाटलीत पाणी आणि बेबी शॅम्पूचे थोडे थेंब. शेजारचा अकरावीतला मुलगा दुसरं टोक धरायला आला होता. फिल्म अर्धी सोलल्यावर तोच म्हणाला, “दादा, वारं येतंय, गेट लावू का?” लावलं, म्हणून वाचलो. गोंदाची बाजू एकदा स्वतःलाच चिकटली असती तर तो तुकडा गेलाच होता.

स्क्वीजी (पाणी ढकलून काढायची पट्टी) मधून बाहेर, प्रत्येक फटका आधीच्यावर थोडा चढवून. कडा आत दुमडताना शॅम्पूच्या पाण्यावर ती सरकत राहते. तिथे पातळ केलेलं अल्कोहोल मारायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग दाबायचं. कडा बसली की हीट गनची हलकी ऊब. चार तास लागले. उजव्या कोपऱ्यात दोन धूलिकण अडकले आहेत, ते कायमचे. पाण्याचे बारीक फुगे होते ते नवव्या दिवशी दिसेनासे झाले. पहिला आठवडा गाडी धुतली नाही.

बंपर मी अर्ध्यावर सोडला. फॉगलॅम्पच्या खोबणीत फिल्म ताणली की मागे ओढली जायची, जास्त ताणली की पांढऱ्या रेषा यायच्या. दोन तुकडे वाया गेल्यावर दुकानात दिला. तिथे मशीनवर कापलेलं किट लावतात, गाडीच्या रंगावर ब्लेड चालत नाही. पहिल्यांदाच करणाऱ्याने बॉनेट जरूर करावं, बंपर कारागिराला द्यावा.

३,१०० किमी

चार वेळा कोल्हापूर, एकदा रात्रीचं पुणे. बॉनेटच्या फिल्मवर तीन खुणा आहेत. गरम पाणी ओतल्यावर धुण्याच्या फडक्याचे बारीक ओरखडे डोळ्यांदेखत बुजले. खड्याचे खळगे बुजले नाहीत, बुजणारही नाहीत, पण नखाने तपासलं तर फिल्म कुठे फाटलेली नाही आणि खालचा लाल रंग शाबूत आहे.

गाडी चालवण्यातही बदल केला. डंपरच्या चाकाने उडवलेला खडा बहुतेक वेळा हवेतच असतो, आपणच वेगाने जाऊन त्याच्यावर आदळतो. १०० ऐवजी ८० ठेवला तर आपल्या वेगामुळे येणारा तडाखा ३६ टक्क्यांनी कमी होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. खडी वाहणारा डंपर दिसला की आता मी निमूट मागे राहतो.

काल धुताना मागच्या चाकाच्या पुढे, दाराखालच्या पट्टीवर चार नवे ठिपके सापडले. ते आपल्याच पुढच्या चाकांनी उडवलेल्या कचेचे. मडफ्लॅप आणलेत, रविवारी बसवतो. मग ठिपके भरायचे, तीन आठवडे थांबायचं आणि बॉनेटच्या उरलेल्या फिल्ममधून दोन्ही बाजूंना पट्ट्या कापायच्या. १५ सेंटिमीटर रुंद पट्टी पुरेल असं मोजमाप आलंय.