तुम्ही विचारलंत म्हणून: टॅक्स लागत नाही, मग रिटर्न कशाला?

"दादा, मला महिन्याला बारा-पंधरा हजार मिळतात. टॅक्स लागतच नाही, मग रिटर्न कशाला भरायचं?" जून उजाडला की कॉलेजमधल्या ज्युनिअर मुलांचे असे फोन सुरू होतात. कधी त्यांचे वडीलही विचारतात. पोराच्या मागे उगीच सरकारी लचांड लागायला नको, ही काळजी त्यांच्या आवाजात कळते.

एवढ्या कमाईवर भरायची सक्ती नाही, हे आधी सांगतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षाला नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. शिक्षणाच्या खर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती तर कलम १०(१६) खाली करमुक्तच आहे, ती उत्पन्नात धरू नका. पण टीडीएस, म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर, कापला गेला असेल, तर तो पैसा तुमचा आहे आणि मागितल्याशिवाय परत येत नाही. तो मागायचा अर्ज म्हणजे रिटर्न.

मला हे कळलं २०२३ मध्ये. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. ऑक्टोबर ते मार्च एका कंपनीसाठी कोडिंगचं काम केलं. महिन्याला ठरले होते १२,०००, खात्यात यायचे १०,८००. विचारलं की "टीडीएस" एवढंच उत्तर. सहा महिन्यांचे झाले ७,२००, म्हणजे माझी दोन महिन्यांची मेस. गेले ते गेले, असं धरून मी चाललो होतो.

रूममेटने एका रात्री शेजारी बसवून आयकराच्या पोर्टलवर २६-एएस उघडायला लावलं. आपल्या पॅनवर कुणी किती कर जमा केला, त्याचं ते पासबुकच. माझ्या नावावर ३,६०० दिसले. ऑक्टोबर ते डिसेंबरचे होते, जानेवारी ते मार्चचे नव्हते. माझ्याकडून कापून घेतले होते, पण शेवटच्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न, म्हणजे कुणाचा किती कर कापला याचा हिशेब, कंपनीने भरलंच नव्हतं. त्याची मुदत ३१ मे असते. मला फार राग आला. बँकेचं स्टेटमेंट जोडून मेल केला, तीनदा फोन केले, तेव्हा जुलैच्या मध्यावर उरलेले ३,६०० दिसायला लागले. म्हणून सांगतो, फॉर्म भरायला घेण्याआधी २६-एएस आणि स्टेटमेंट शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा.

कर कापला होता तो कलम १९४-जे खाली, म्हणजे व्यावसायिक किंवा तांत्रिक कामाच्या मोबदल्यावर. कंपनीने मला पगारदार धरलं नव्हतं. त्यामुळे पगारदार भरतात तो आयटीआर-१ फॉर्म चालत नव्हता, मी आयटीआर-४ भरला. कमाई २०२२-२३ ची, पण फॉर्मवर निवडायचं असतं पुढचं वर्ष, ज्यात त्या कमाईचा कर ठरतो ते, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२३-२४. इथे पुष्कळ जण चुकतात. आणि खोट्या वजावटी दाखवून जास्त रिफंड काढून देतो म्हणणाऱ्याला पासवर्ड देऊ नका. उद्या नोटीस त्याला नाही, तुम्हाला येईल.

माझं गाडं अडलं ते नावावर. खातं शाळेत असताना गावच्या शाखेत उघडलेलं, त्यावर आडनाव आधी. पॅनवर माझं नाव आधी. रिफंडसाठी खातं पोर्टलवर व्हॅलिडेट व्हावं लागतं, म्हणजे ते आपलंच आहे याची खात्री पटावी लागते, ते नाव जुळेना म्हणून होईना. दाखला, आधार, पासबुक, आपल्याकडे तिन्हीकडे नाव वेगवेगळं असणं सर्रास आहे. गावी जाऊन पॅनची झेरॉक्स दिली, नाव बदलून घेतलं, आणि परत आल्यावर रिटर्न भरलं.

राहिलं होतं व्हेरिफिकेशन, म्हणजे रिटर्न आपणच भरलंय हे आधारच्या नंबरवर येणाऱ्या ओटीपीने पक्कं करणं. ते ३० दिवसांत करायचं असतं, केलंच नाही तर रिटर्न भरलंच नाही असं धरतात. माझ्या आधारला नंबर बाबांचा. फोन केला तेव्हा ते गोठ्यात धारा काढत होते. "थांब, हात धुतो, चष्मा आणतो." तोवर पहिल्या ओटीपीची वेळ संपली. दुसरा आला तेव्हा त्यांनी एकेक आकडा सावकाश वाचला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचून खात्री केली. हे कशाचे आकडे आहेत, ते विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये बाबांचाच फोन आला. बँकेचे मेसेजही त्यांच्याच नंबरवर जायचे.

"तुझ्या खात्यात सात हजार दोनशे आलेत. कुणाचे रे?"

"माझेच आहेत, बाबा."